रक्ताचं दुखणं (लेखांक ९) : औषधाआधी फाइल

मागच्या लेखांकात आपण मल्टिपल मायलोमाच्या पहिल्या उपचारांपर्यंत आलो होतो. चार-सहा महिने इंजेक्शनं आणि गोळ्या, प्रकृतीला झेपत असेल तर स्वतःच्याच मूळपेशींचं प्रत्यारोपण आणि पुढे लेनालिडोमाइडची कॅप्सूल. त्यानंतर बऱ्याच घरांत काही वर्षं बरी जातात. आई पुन्हा भाजी निवडायला बसते, बाबा पेन्शनच्या कामाला एकटे बँकेत जातात. मग कधीतरी तीन महिन्यांच्या नेहमीच्या तपासणीत 'एम-बँड', म्हणजे या आजारातल्या एम-प्रथिनाची रक्तातली खूण, पुन्हा उमटतो.

डॉक्टरांना हे अनपेक्षित नसतं, घरच्यांना बहुधा असतं. मायलोमा आजच्या औषधांनी दीर्घकाळ दबतो, पण सहसा समूळ जात नाही. एकाच रुग्णाच्या अस्थिमज्जेत बिघडलेल्या प्लाझ्मा पेशींचे अनेक पोटगट असतात. पहिल्या औषधांनी मोठा गट मरतो. त्या औषधांना न जुमानणारा एखादा छोटा गट उरतो आणि सवडीनं वाढतो. आजार परतला म्हणजे पथ्य मोडलं किंवा पहिल्या डॉक्टरांचं चुकलं, असं नाही. भावंडांनी एकमेकांना दोष देण्यात तर काहीच अर्थ नाही.

आजार कागदावर परतलाय की शरीरात, हे आधी विचारावं. एम-प्रथिन चढतंय, पण हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि कॅल्शियम जागच्या जागी आहेत, हाडांत नवं काही नाही, अशा वेळी डॉक्टर कधी कधी महिनाभरानं पुन्हा तपासणी करून वाढीचा वेग बघतात. त्याला हलगर्जी म्हणू नये. आजार वाढला असं म्हणायला ठरलेला निकष आहे : आतापर्यंतच्या सर्वांत खालच्या पातळीपेक्षा निदान २५ टक्के वाढ, आणि ती वाढ डेसिलिटरमागे किमान ०.५ ग्रॅम. म्हणजे ०.१ चं ०.२ झालं तर आकडा दुप्पट दिसतो, पण निकषात बसत नाही. शिवाय दोन वेगळ्या लॅबचे आकडे शेजारी ठेवून काळजी करू नये. शक्यतो लॅब एकच ठेवावी.

याउलट पाठीत नवी कळ, वाढता थकवा, कॅल्शियम चढल्यानं येणारी गुंगी आणि बद्धकोष्ठ यांपैकी काही असेल तर थांबायचं नसतं. पायांतली ताकद अचानक गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर ओपीडीची तारीख बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. मणक्यातल्या गाठीनं मज्जारज्जूवर दाब येत असेल तर तासांनाही किंमत असते.

आता फाइल. घरोघरी ती प्लास्टिकच्या पिशवीत असते. त्यात सोनोग्राफीपासून चष्म्याच्या नंबरापर्यंत सगळं असतं, पण कुठलं औषध कधी सुरू झालं आणि का थांबलं हे सापडत नाही. पुढचा उपचार नेमका याच माहितीवर ठरतो. औषध चालू असताना किंवा थांबवल्यापासून ६० दिवसांच्या आत आजार वाढला, तर आजार त्या औषधाला दाद देत नाही असं धरतात. लेनालिडोमाइडची कॅप्सूल रोज चालू असताना आजार परतणं आणि ती बंद करून दोन वर्षं झाल्यावर परतणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या वेळी त्या औषधावर उभ्या असलेल्या जोड्या सहसा बाद होतात. दुसऱ्या वेळी ते पुन्हा वापरता येऊ शकतं. बोर्टेझोमिब गुण येत नव्हता म्हणून थांबवलं, की तळपायांची आग आणि मुंग्या असह्य झाल्या म्हणून? प्रत्यारोपणानंतर आजार किती काळ शांत होता? तो काळ मोठा असेल तर दुसऱ्या प्रत्यारोपणाचाही विचार होतो. निदानाच्या वेळी फिश तपासणीत गुणसूत्रांचे कोणते बदल दिसले होते? माझ्या मते मुलामुलींनी रात्री जागून इंटरनेट धुंडाळण्याऐवजी एक रविवार या फाइलला द्यावा आणि एका पानावर तारखा मांडाव्यात. दुसऱ्या डॉक्टरांसमोर मिळणाऱ्या मोजक्या मिनिटांत तेच पान बोलतं.

घरच्यांचा शोध निरर्थक असतो, असं मला म्हणायचं नाही. मायलोमाच्या इतिहासातलं एक मोठं वळण अशाच शोधातून आलं. १९९७ साली अमेरिकेत एका तरुण डॉक्टरचा मायलोमा सगळे उपचार करूनही आवरत नव्हता. त्याच्या पत्नीनं तज्ज्ञांना फोन लावण्याचा सपाटा लावला. बोस्टनच्या ज्यूडा फोकमन यांनी थॅलिडोमाइड सुचवलं. गर्भवतींनी घेतल्यानं हजारो मुलं व्यंगासह जन्मली आणि १९६१ साली जे बाजारातून हटवावं लागलं, तेच हे औषध. आर्कान्सामधल्या लिटल रॉक इथे बार्ट बार्लोगी यांनी ते देऊन पाहिलं. त्या डॉक्टरला गुण आला नाही, पण त्याच्यानंतरच्या रुग्णांना आला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ८४ रुग्णांच्या अभ्यासात जवळपास एकतृतीयांश रुग्णांचा आजार मागे हटला होता. लेनालिडोमाइड आणि पोमालिडोमाइड ही त्याच कुळातली पुढची औषधं.

आज परतलेल्या आजारासाठी साधारणतः दोन नवी औषधं आणि सोबत डेक्सामेथासोन अशी तिकडी निवडतात. लेनालिडोमाइड निष्प्रभ ठरलं असेल तर पोमालिडोमाइड किंवा कार्फिल्झोमिबकडे वळतात. कार्फिल्झोमिब जोरकस आहे, पण हृदय आणि रक्तदाबाला त्रास देऊ शकतं. सत्तरीतल्या, आधीच रक्तदाबाच्या दोन गोळ्या घेणाऱ्या बाबांचा टूडी एको आधी करून घ्यावा. ही औषधं भारतीय कंपन्याही बनवत असल्यानं ती तुलनेनं आवाक्यात आली आहेत.

डाराटुमुमॅबचं गणित वेगळं. प्लाझ्मा पेशींवरच्या सीडी३८ या खुणेला चिकटणारं हे प्रतिपिंड अनेक तिकड्यांचा कणा झालं आहे. पण नेहमीच्या वेळापत्रकात ते पहिले आठ आठवडे दर आठवड्याला, मग सोळा आठवडे पंधरवड्याला आणि त्यानंतर महिन्याला द्यावं लागतं. म्हणजे खर्चाचा मोठा भार सुरुवातीलाच येतो. २०२५च्या अर्थसंकल्पात ज्या ३६ औषधांचं मूळ सीमाशुल्क माफ झालं, त्यात हेही आहे. तरी मध्यमवर्गीय घराला ते जडच. किंमत विचारताना एका डोसची न विचारता पहिल्या सहा महिन्यांची विचारावी. आणखी एक गोष्ट : हे औषध लाल पेशींनाही थोडं चिकटतं, त्यामुळे रक्तपेढीतली जुळणीची तपासणी फसवी येते. पहिल्या डोसआधी रक्तगटाची सविस्तर तपासणी करून घ्यावी आणि 'डाराटुमुमॅब चालू' असं लिहिलेलं कार्ड पाकिटात ठेवावं. नाहीतर अपघाताच्या रात्री रक्त मिळायला उशीर होतो.

यानंतर हमखास विचारलं जातं, 'ते आयआयटीवाल्यांचं कार-टी बाबांना चालेल का?' आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून आलेल्या नेक्सकार१९ला २०२३च्या ऑक्टोबरमध्ये मंजुरी मिळाली, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण ते सीडी१९ ही खूण शोधतं आणि काही प्रकारच्या लिम्फोमा व ल्युकेमियासाठी आहे. मायलोमासाठीच्या कार-टी पेशी बीसीएमए ही वेगळी खूण शोधतात. अशा दोन उपचारांना अमेरिकेत २०२१ आणि २०२२ साली मान्यता मिळाली. तिथला खर्च कोटींच्या घरात जातो. टेक्लिस्टामॅबसारखी इंजेक्शनं बीसीएमएला धरून रुग्णाच्याच टी-पेशींना कामाला लावतात, पण सुरुवातीचे डोस रुग्णालयात दाखल होऊन घ्यावे लागतात आणि जंतुसंसर्गाची टांगती तलवार राहते. वैद्यकीय चाचणीत जागा मिळत असेल तर जरूर चौकशी करावी. चाचणी म्हटलं की 'आमच्यावर प्रयोग' असं आपल्याकडे मनात येतं. संमतीपत्र मराठीतून मागून, नीट वाचून घेतलं तर ती भीती बरीच ओसरते.

दुसरं मत घ्यायला आईला घेऊन रात्रीच्या एसटीनं परळ गाठायलाच हवं असंही नाही. टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या तज्ज्ञांचं मत 'नव्या' या ऑनलाइन सेवेतून, कागद पाठवून मिळवता येतं. उपचार मुंबईतच ठरले, तर परळची नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा राहण्यासाठी आहेत, पण आधी चौकशी करून निघावं. पैशांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला उपचार सुरू होण्याआधी भेटावं, कारण कुठलं औषध योजनेत बसतं यावर कधी कधी तिकडीची निवडही बदलते. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. त्या आपण होऊन कुणी देत नाही, मागाव्या लागतात.

मधल्या काळात घरात एक गोळी बंद करायची. गुडघा दुखला की मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं मायलोमात मूत्रपिंडं बसवू शकतात. दुखण्यावर काय घ्यायचं ते डॉक्टरांना विचारूनच.

या सगळ्या धावपळीत एका माणसाला कुणी विचारत नाही. 'बाबांना सांगू नका, खचतील' हे वाक्य ओपीडीच्या दाराबाहेर रोज ऐकू येतं आणि मला ते पटत नाही. ज्यांनी एकदा प्रत्यारोपण सोसलंय, त्यांना दर आठवड्याला सुया का लागतायत हे कळतंच. न सांगितल्यानं फक्त त्यांचं मत मिळत नाही, आणि मत असतं. कुणाला नातीच्या लग्नापर्यंत हिंडतं-फिरतं राहायचं असतं, मग हातापायांच्या नसा बिघडवणारं औषध त्यांच्यासाठी चुकीचं. कुणाला आठवड्याला तालुक्याहून शहरात येणं नको असतं, मग गोळ्यांवर चालणारी जोडी थोडी कमी जोरकस असली तरी बरी. कुणी स्पष्ट म्हणतं, आता पुरे. तेव्हा पॅलिएटिव्ह उपचारांच्या डॉक्टरांना बोलवावं. खरं तर त्यांना आजार परतला तेव्हाच बोलवलेलं बरं, कारण हाडांच्या दुखण्यावर त्यांच्याइतकं नेमकं काम दुसरं कुणी क्वचितच करतं.

पुढील आठवड्यात : मायलोमा आणि मूत्रपिंड. डायलिसिसची वेळ आली तर उपचार थांबतात का?