दोन प्रश्न, सारखी नावं

हॉटेलात टेबल पुसणारी बाई विडी ओढत नाही, पण पाळीभर दुसऱ्यांचा धूर तिच्या छातीत जातो. दवाखान्यात अशा बायांची धाप आम्ही पाहिली आहे.

अमेरिकेतल्या काही राज्यांत ठरावीक सह्या जमवल्या की कायद्याचा प्रश्न थेट मतपत्रिकेवर येतो. ओहायो राज्यात ७ नोव्हेंबर २००६ ला धुराबद्दलचे दोन प्रश्न एकदमच आले. पाचवा 'स्मोक फ्री ओहायो'वाल्यांचा: कामाच्या बहुतेक बंद जागा धूरमुक्त, बारसुद्धा. चौथा 'स्मोक लेस ओहायो'वाल्यांचा. नाव ऐकून वाटावं, हेही आपलेच! पण पैसा आर. जे. रेनॉल्ड्स या सिगारेट कंपनीचा. चौथ्यात बारना सूट होती, आणि काही शहरांनी आधीच केलेले कडक नियमही त्यानं मोडीत निघणार होते. खरी मेख पुढेच. चौथा प्रश्न घटनादुरुस्तीचा होता, पाचवा साध्या कायद्याचा. दोन्ही मंजूर झाले असते तर घटनेपुढे कायदा टिकला नसता.

लोकांनी चौथा पाडला. पाचव्याला शेकडा ५८ हून जास्त मतं मिळाली.

आपल्याकडे २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान केल्यास २०० रुपयांपर्यंत दंड आहे. मात्र तीस किंवा जास्त आसनांच्या हॉटेलाला धूम्रपानासाठी वेगळी जागा ठेवण्याची मुभा कायद्यातच आहे. तिथली राखदाणी कोण उचलतं, हे हॉटेलात कामाला जाणाऱ्या शेजारणीला एकदा विचारा.