पाण्यात विरघळलेली वाळू

"मॅडम, पाणी बघा, अगदी काचेसारखं!" रात्रपाळीच्या मामांनी बाटली ट्यूबलाइटसमोर धरली. खरंच नितळ होतं. तरीही मी त्यांना आरओचा पंप सुरू करू दिला नाही. मला भीती होती सिलिकाची, आणि ती विरघळलेली असली की डोळ्यांना दिसत नाही.

आमच्याकडे रद्दीपासून कागद होतो. रद्दीवरची शाई सोडवताना कॉस्टिक आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या जोडीला सोडियम सिलिकेट घालतात. त्यामुळे पेरॉक्साइड वेळेआधी फुकट जात नाही. काम झालं की त्यातली बरीच सिलिका सांडपाण्यातून ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करण्याच्या प्लांटमध्ये, येते. म्हणजे वाळूच, फक्त विरघळलेली. जिवाणू तिला खात नाहीत, सँड फिल्टर तिला अडवत नाही.

अडवते ती आरओची मेम्ब्रेन, आणि स्वतःचा जीव देऊन अडवते. चार भाग पाण्यातून तीन भाग शुद्ध करून घेतले की उरलेल्या एका भागात सिलिका चौपट दाट होते. साधारण २५ अंश तापमानाला, पीएच सातच्या आसपास, लिटरमागे १२० मिलिग्रॅमच्या वर ती फार काळ विरघळून राहत नाही, थर धरू लागते. चुन्याचा थर ॲसिडने निघतो, हा निघत नाही. पहिल्या वर्षी आमची मेम्ब्रेन अशीच गेली. ती कापून उलगडली तेव्हा बोटाला बारीक खरखर लागली. ती खरखर मी अजून विसरलेले नाही.

म्हणून पाणी आरओकडे जाण्याआधीच सिलिका काढायची. त्यासाठी जार टेस्ट लावते. प्लास्टिकचे सहा बीकर, प्रत्येकात एक लिटर पाणी. काचेचं भांडं नको, काच स्वतःच थोडी सिलिका सोडते. चुन्याची निवळी घालून पीएच ११च्या वर न्यायचा. मग मॅग्नेशियम क्लोराइड: पहिल्या बीकरला काही नाही, पुढे ३०० मिलिग्रॅमने वाढवत सहाव्यात १५००. आधी जोरात ढवळायचं, मग अगदी संथ. थोड्या वेळात दही विरजताना दिसतात तशा पांढऱ्या गुठळ्या धरू लागतात. ते मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड, सिलिका त्याला चिकटून खाली बसते. आमच्या पाण्यात १६० मिलिग्रॅम होती, सहाव्या बीकरमध्ये २८ उरली.

पण हे फुकट होत नाही. मॅग्नेशियमबरोबर क्लोराइडही पाण्यात येतं, पाणी खारट होतं आणि आरओला जास्त दाब लागतो. शिवाय गाळ वाढतो, तो पिळून, वाळवून कुठेतरी न्यावाच लागतो. मॅग्नेशियम ऑक्साइड वापरलं तर खारटपणा टळतो, पण ते विरघळायला फार वेळ घेतं. आम्ही १२००वर थांबलो. मला तो आकडा पूर्ण पटलेला नाही.

मामांच्या बाटलीतलं पाणी मी तपासायला घेतलं. ॲसिड, अमोनियम मॉलिब्डेट, थोडी वाट, मग ऑक्झॅलिक ॲसिड. ते विसरून चालत नाही, कारण जिवाणूंना खाऊ म्हणून आपण डीएपी खत घालतो आणि त्यातलं फॉस्फेटही तसाच पिवळा रंग देतं. नळीतला पिवळा रंग गडद होत गेला. आकडा आला ९४.

"मामा, क्लॅरिफायरच्या कडेवरून काय जातंय?"

टॉर्च घेऊन आम्ही गाळ खाली बसवणाऱ्या त्या टाकीवर चढलो. गाळ नीट काढला गेला नव्हता, त्याची पातळी वर आली होती आणि पांढरे कण कडेवरून पुढे चालले होते. पुढच्या टाकीत पीएच उतरवायला ॲसिड पडतं. तिथे ते कण विरघळले, धरून ठेवलेली सिलिका पुन्हा पाण्यात सोडली आणि पाणी नितळ दिसू लागलं.

मामांनी एक शब्दही न बोलता खालचा व्हॉल्व्ह उघडला. गाळ घट्ट ताकासारखा वाहू लागला. साडेपाचला पुन्हा नमुना घेतला. पिवळा रंग फिका होता, आकडा ३१. मामांनी रजिस्टरमध्ये ९४ खाली ३१ लिहिलं, ९४ खोडलं नाही, आणि मगच पंपाकडे गेले.