तीन तासांचा कोरा पृष्ठभाग

बिस्मथ सेलेनाइडच्या चकाकत्या स्फटिकाचे अभ्रकासारखे पापुद्रे सुटतात. पाच अणुथरांचा एकेक गठ्ठा, जाडी जेमतेम एक नॅनोमीटर. गठ्ठ्याच्या आत बंध पक्के, पण दोन गठ्ठ्यांमध्ये व्हॅन डर वाल्स आकर्षणाची ढिली पकड. इलेक्ट्रॉन वर्णपटशास्त्राला हा ढिलेपणाच हवा असतो.

प्रकाश पडला की पदार्थातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. हे हर्ट्झला १८८७ मध्ये ओझरते दिसले आणि आइन्स्टाइनने १९०५ मध्ये त्याचा हिशेब मांडला. त्यातून मोजमापाची काटेकोर पद्धत घडवली ती स्वीडनमधल्या उप्साला इथे काई सीगबान यांनी. सोडियम थायोसल्फेटमध्ये गंधकाचे दोन अणू वेगवेगळ्या परिस्थितीत असतात. सीगबान यांच्या वर्णपटात त्यांची दोन स्वतंत्र शिखरे उमटली. १९८१ चे नोबेल त्यांना मिळाले. वडील मान्ने यांना १९२४ चे मिळालेच होते, तेही क्ष-किरणांच्या वर्णपटासाठी!

या पद्धतीत एक खोट आहे. प्रकाश खोलवर शिरतो, पण वीस ते शंभर इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा इलेक्ट्रॉन काही अँगस्ट्रॉम जाताच कुठेतरी धडकून ऊर्जा गमावतो. शाबूत बाहेर येतात ते अगदी वरच्या थरांतले. म्हणजे वर मळ असेल तर मळच मोजला जाणार. टॉर या एककाच्या दहा लाखाव्या भागाइतक्या दाबालाही पृष्ठभागावर वायूचा एक थर साधारण सेकंदात बसू शकतो. दाब आणखी दहा हजार पटींनी उतरवला तर तासांची, साधारण तीनेक तासांची, सवड मिळते. म्हणून स्फटिकावर चिनी मातीची बारीक कांडी चिकटवतात आणि निर्वात कक्षातच तिला टोला देतात. कांडीसोबत वरचे पापुद्रे निघतात, खाली कधीच हवा न लागलेला थर उघडा पडतो. कोट्यवधींच्या यंत्रात हातोडीछाप कामाला पर्याय सापडलेला नाही, याची मला गंमत वाटते.

इलेक्ट्रॉन कोणत्या कोनात निघाला यावरून पृष्ठभागाला समांतर असलेला त्याचा संवेग कळतो. प्रिन्स्टनमधल्या झाहिद हसन यांच्या गटाने २००९ मध्ये बिस्मथ सेलेनाइडचा ऊर्जा आणि संवेगाचा असा नकाशा प्रसिद्ध केला. आतला पदार्थ ०.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टची दरी असलेला, म्हणजे तेवढ्या ऊर्जापट्ट्यात इलेक्ट्रॉनांना जागाच नसलेला. त्या दरीतून मात्र दोन सरळ रेषा एकमेकींना छेदत गेलेल्या. या रेषा पृष्ठभागाच्याच कशावरून? प्रकाशाची ऊर्जा बदलली की स्फटिकाच्या पोटातले पट्टे नकाशात सरकतात, पृष्ठभागाचे जागा सोडत नाहीत. या रेषा हलल्या नाहीत. म्हणजे दरी असलेल्या पदार्थाची कातडी वीज वाहून नेते.

अशा मोजणीला ऊर्जा हवी तशी बदलता येणारा प्रकाश लागतो. इंदूरला इंडस-१ या ४५० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या साठवण वलयातून तो मिळतो.

अडचण पुढे आहे. सेलेनियमच्या रिकाम्या जागा स्फटिकात जादा इलेक्ट्रॉन सोडतात. त्यात निर्वातातले उरलेसुरले वायू चिकटतात आणि नकाशातल्या त्या दोन रेषांचा छेदबिंदू तासागणिक खाली घसरतो. सकाळचा नकाशा संध्याकाळच्या नकाशाशी जुळत नाही. हसन यांच्या गटाने २००९ मध्येच त्यावर तोड काढली. स्फटिकात थोडे कॅल्शियम मिसळले आणि ताज्या पृष्ठभागावर नायट्रोजन डायऑक्साइड मोजूनमापून सोडला. त्याचे रेणू पृष्ठभागाचे इलेक्ट्रॉन ओढून घेतात. मात्रा वाढवत गेल्यावर छेदबिंदू फर्मी पातळीपर्यंत, म्हणजे इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या ऊर्जांच्या वरच्या हद्दीपर्यंत, वर आला.