पियानोतील द्रुत स्वर आणि तंजावरची हवा

तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या ग्रंथसंग्रहात पाश्चात्त्य संगीताच्या लिखित रचनाही होत्या. त्यांच्याच कारकीर्दीत, १८२१ साली, सेबास्तियाँ एरार यांनी योजिलेल्या पियानोच्या एका नव्या यंत्ररचनेचे एकस्व इंग्लंडात घेण्यात आले. तिच्यामुळे एकच स्वर अतिशय जलद पुनःपुन्हा वाजविणे साध्य झाले. आजचे ग्रँड पियानो तिच्याच सुधारलेल्या रूपावर चालतात.

पट्टी दाबली असता ‘जॅक’ नावाचा लाकडी तुकडा हातोडीस वर ढकलतो आणि ती तारेवर आदळण्यापूर्वीच तिच्याखालून निसटतो. तसे न झाल्यास हातोडी तारेस टेकून राहील व नाद दबेल. आघात करून परतलेली हातोडी मागील अडणीत धरली जाते. पट्टी किंचित वर येताच अडणी सुटते, स्प्रिंगच्या जोरावर एक आडवी दांडी हातोडीस थोडे उचलते आणि जॅक पुन्हा खाली सरकून बसतो. म्हणूनच पट्टी पूर्ण वर येण्यापूर्वी दुसरा आघात करता येतो.

हा दुसरा आघात चुकू लागला म्हणजे प्रथम स्प्रिंग ताणण्याचा मोह होतो. तो टाळावा. कावेरीच्या खोऱ्यात ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस पडतो. दमट हवेत लाकूड व लोकरीचा नमदा फुगतात आणि हातोडीच्या बारीक आसाभोवती घर्षण वाढते. अशा वेळी स्प्रिंग ताणली, तर कोरड्या ऋतूत हातोडी उसळू लागते.

याकरिता तपासणीचा क्रम पाळावा. यंत्र बाहेर ओढताना एकही पट्टी दबू देऊ नये. अन्यथा हातोडीची दांडी मोडण्याचे भय असते. नंतर हातोडी बोटाने उचलून सोडावी. ती रेंगाळत पडली, तर दोष आसाचा. पट्टी स्वतःच सावकाश परतत असेल, तर तिच्या खाचेतील नमदा पाहावा. दोन्ही मोकळी असूनही आघात चुकत असेल, तर जॅकचे टोक दांडीच्या पृष्ठभागाहून केसभर खाली आहे की नाही हे पाहावे. ते वर असल्यास जॅक परतताना अडतो. सर्वांत शेवटी स्प्रिंग पारखावी. अडणीतून सुटलेली हातोडी उडी न घेता संथपणे वर यावी, एवढाच तिचा जोर असावा.

दोष घर्षणाचा की जोराचा, हे आधी ठरविले म्हणजे चांगले वाद्य दुरुस्तीपायी बिघडत नाही.