एका मताने सरकार जाते, ते कशामुळे?

परवा मंडळाच्या बैठकीत एका तरुणाने आम्हाला अडवले. "सभागृहात मत हरले की पंतप्रधानाने राजीनामा द्यावा, हे घटनेच्या कुठल्या कलमात आहे?" आम्ही तिथेच घटना उघडली. कलम 75, खंड 3 : मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार. बस्स, एवढेच! राजीनामा किती दिवसांत द्यायचा, मध्यंतरी कारभार कसा चालवायचा, याविषयी तिथे चकार शब्द नाही. अविश्वासाच्या ठरावाची रीतसुद्धा घटनेत नाही, ती लोकसभेच्या नियमांत आहे.

आता 17 एप्रिल 1999 आठवा. वाजपेयी सरकारच्या बाजूने 269, विरोधात 270. एक मत! त्याच दिवशी वाजपेयींनी राजीनामा दिला. कोणी पोलीस पाठवले नव्हते. सभागृहाचा विश्वास गेला की खुर्ची सोडायची, ही रीत पाळली गेली. (आमच्या पतपेढीच्या एका माजी चिटणिसांना हे कळले असते तर बरे झाले असते. बहुमत गेले, तरी दोन महिने कपाटाची किल्ली त्यांच्याच खिशात!)

पण त्याच मतदानात दुसरी बाजूही दिसली. गिरिधर गमांग फेब्रुवारीतच ओरिसाचे मुख्यमंत्री झाले होते, खासदारकी मात्र सोडलेली नव्हती. कायदा त्यांना अडवत नव्हता. सभापती बालयोगी यांनी प्रश्न त्यांच्या सद्सद्विवेकावर सोपवला आणि गमांगांनी सरकारविरुद्ध मत दिले. कायद्याने ते बरोबर. प्रथेने? आमच्या मते नाही. सरकार कोणाचे होते, हा प्रश्नच वेगळा.

पुढे लोकसभा विसर्जित झाली आणि कारगिलचे युद्ध काळजीवाहू सरकारच्या काळात लढले गेले. 'काळजीवाहू' हा शब्दही घटनेत शोधून सापडणार नाही.

4 नोव्हेंबर 1948 रोजी घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी हे ओळखले होते. अमेरिकेच्या पद्धतीत स्थैर्य अधिक, संसदीय पद्धतीत जबाबदारी अधिक. म्हणून त्यांनी दुसरी पसंत केली, कारण तिच्यात सरकारची झडती रोज घेता येते. मात्र घटनात्मक नीती उपजत नसते, ती अंगी बाणवावी लागते, असेही त्यांनी त्याच भाषणात बजावले.

आणि 1979 साली काय झाले? चरणसिंग पंतप्रधान झाले आणि 20 ऑगस्टला लोकसभेला तोंड न देताच पायउतार झाले. त्यांच्यावरचा विश्वास सभागृहात एकदाही मोजला गेला नाही.

हे सांगूनही तरुणाचे समाधान झालेले नाही. प्रथा मोडणाऱ्याला शिक्षा कोण देणार, असे तो विचारतो. पुढच्या रविवारी पुन्हा बसणार आहोत.