पाय का उचलेनात?

मांडी घालून बराच वेळ बसल्यावर पायाला मुंग्या येतात आणि थोड्या वेळाने जातात. पण त्या गेल्याच नाहीत, उलट दुसऱ्या दिवशी जिना चढवेना, तिसऱ्या दिवशी हातात पेला धरवेना, तर?

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात असे रुग्ण एकामागून एक येऊ लागले. पुढे संशयितांचा आकडा दोनशेवर गेला. काही जण दगावले. आता पुण्याचा नकाशा समोर घ्या. पूर्वेला मुळा-मुठेकाठी खराडी, नैर्ऋत्येला खडकवासला धरण. रुग्ण सगळीकडे सारखे विखुरलेले नव्हते. बरेचसे धरणाच्या बाजूचे होते : नांदेडगाव, किरकटवाडी, धायरी, सिंहगड रस्ता. साहजिकच संशय पाण्यावर गेला. राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेला शौचाच्या काही नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला.

जिवाणू पोटात, मग पाय का लुळे? या जिवाणूवरील काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरील रेणूंसारखेच दिसतात. जिवाणूला मारण्यासाठी शरीराने बनवलेली प्रतिपिंडे फसतात आणि चोर सोडून संन्याशाला फाशी देतात! तंतूंचा दाह होतो. कधी तारेवरचे रबर निघावे तसे त्यांचे मायलिनचे आवरण झडते, कधी आतली तारच दुखावते.

हे ओळखायचे कसे? डॉक्टर गुडघ्याखाली रबरी हातोडी मारतात. पाय उडत नाही. मग विजेचा हलका झटका देऊन संदेशाचा वेग मोजतात. निरोगी हातात तो सेकंदाला पन्नासेक मीटर धावतो. आवरण झडले की मंदावतो. तार दुखावली तर वेग फारसा घटत नाही, पण संदेश क्षीण होतो. पाठीच्या कण्यातून सुईने काढलेल्या पाण्यात प्रथिने वाढलेली असतात, पेशी मात्र नाहीत. ही खूण 1916 साली गियाँ, बारे आणि स्त्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांत टिपली. रोगाला नाव पडले गियाँ-बारे. स्त्रोल बिचारे मागे राहिले.

खरा धोका श्वासाचा. म्हणून डॉक्टर रुग्णाला एका दमात अंक मोजायला सांगतात. मोजणी आखडू लागली, तर कृत्रिम श्वसनयंत्राची तयारी करावी लागते. उपचार दोन : हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून मिळवलेली प्रतिपिंडे सहसा पाच दिवस शिरेतून देणे, किंवा रुग्णाचा रक्तद्रव बदलणे. दाह कमी करणारी स्टेरॉइडे येथे उपयोगी पडत नाहीत, हे नवलच!

बहुतेक रुग्ण सावरतात, पण सावकाश. झडलेले आवरण काही आठवड्यांत पुन्हा बनू लागते. तुटलेला तंतू मात्र दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. आपल्या गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचे अंतर पट्टीने मोजा आणि त्याला किती दिवस लागतील, ते काढून पाहा.