मुलाच्या फुटबॉल गेममधला पैसा येतो कुठून, जातो कुठे?

मागच्या महिन्यात एक अब्बू मुलाला घेऊन शाळेत आले. मुलगा आठवीतला. फुटबॉल क्लब चालवायचा ऑनलाइन गेम खेळतो. दोन आठवड्यांत फोनवरून १,८४० रुपये गेले होते. ओरडून झालं होतं, फोन काढून घेऊन झाला होता. मुलाचं एकच म्हणणं होतं, “सर, सगळे टाकतात. नाही टाकले तर टीम खाली जाते.”

आम्ही त्या वाक्यावर अडकलो. पैसे टाकले नाहीत तर टीम खाली का जावी? हे आपोआप होत नाही. गेम बनवणाऱ्यांनी तसं ठरवलेलं असतं. कसं ठरवतात, हे घरात एकाला तरी माहीत असावं म्हणून हा लेख.

या गेममध्ये मूल बॉलला लाथ मारत नाही. ते मॅनेजर असतं. खेळाडू विकत घ्यायचे, त्यांना पगार द्यायचा, स्टेडियम वाढवायचं, तिकिटांतून कमवायचं. समोरच्या टीमही खऱ्या माणसांच्याच. म्हणजे हजारो लोकांचा एक बाजार झाला, आणि बाजार म्हटलं की पैशाचा हिसाब आला.

शाळेतलं हौदाचं गणित आठवा. एक नळ हौद भरतो, दुसरा रिकामा करतो. गेमचा पैसा अगदी तसाच. १९९७ साली स्वीडनमध्ये सुरू झालेला ‘हॅटट्रिक’ हा यातला जुना आणि नावाजलेला गेम. त्यात भरणारे नळ म्हणजे मुख्यतः प्रायोजकांचे पैसे आणि घरच्या मैदानावरच्या सामन्यांची तिकिटं. हा पैसा कुणाच्या खिशातून येत नाही, कॉम्प्युटर तो नव्याने तयार करतो. रिकामे करणारे नळ म्हणजे खेळाडूंचा पगार, स्टेडियमची देखभाल, प्रशिक्षकांचा खर्च. तो पैसा कुणाला मिळत नाही, नाहीसा होतो.

इथे बहुतेक मुलं चुकतात (आम्हीही आधी चुकलो होतो). त्यांना वाटतं, खेळाडू विकला म्हणजे गेममध्ये पैसा वाढला. तसं नाही. एकाने दिला, दुसऱ्याने घेतला. हौदातलं पाणी तेवढंच राहिलं.

आता समजा १,००० टीम आहेत आणि प्रत्येकीकडे आठवड्याला १०,००० शिल्लक पडतात. म्हणजे दर आठवड्याला १ कोटी नवा पैसा बाजारात आला. चांगले खेळाडू मात्र तेवढेच. मग काय होणार? जो स्ट्रायकर काल २ लाखांना होता तो उद्या ५ लाखांना. जुन्या टीमवाल्यांचं काही बिघडत नाही, त्यांच्याकडे खेळाडूही आहेत आणि साठाही. मरण नव्या मुलाचं. त्याच्या सुरुवातीच्या पैशात आता काहीच येत नाही. महागाई घरात ज्याच्या वाट्याला जास्त येते, गेममध्येही त्याच्याच वाट्याला येते.

उलट खर्च फार वाढवला तर छोट्या टीम कर्जात बुडतात आणि मुलं गेम सोडतात. म्हणून बनवणारे एकदम मोठा बदल करत नाहीत. एखादा नळ थोडा पिळायचा, थांबायचं, बघायचं.

हॅटट्रिकमधल्या काही युक्त्या खरंच शिकण्यासारख्या आहेत. खेळाडू विकला की किमतीतला काही हिस्सा एजंटच्या नावाने कापला जातो. खेळाडू तुमच्याकडे जितका कमी काळ, तितकी कपात जास्त. त्यामुळे आज घेतला, उद्या विकला, असा सट्टेबाजीचा धंदा परवडत नाही. ज्या क्लबने खेळाडू लहानपणी घडवला त्याला पुढच्या प्रत्येक विक्रीत २ टक्के मिळतात. परदेशी खेळाडूला २० टक्के जादा पगार द्यावा लागतो. दोस्ताला फायदा व्हावा म्हणून त्याचा फालतू खेळाडू भरमसाट भावात घेतला, तर तपासणारे लोक आहेत, दंड होतो. खऱ्या रुपयांचं काय? वर्गणी भरता येते, पण त्यातून जादा सोयी मिळतात. टीमला जादा पैसा किंवा ताकदवान खेळाडू मिळत नाही.

आता दुसऱ्या जातीचे गेम बघा. सर्बियातल्या कंपनीचा ‘टॉप इलेव्हन’ २०१० पासून आहे. त्यात क्लबच्या पैशाशिवाय टोकन नावाचं दुसरं चलन आहे. लिलावात बोली लावायला टोकन लागतात, आणि टोकन खऱ्या पैशाने विकत मिळतात. म्हणजे हौदाला एक नळ थेट अब्बूंच्या खिशातून जोडलेला. असा नळ असला की बनवणाऱ्याचा मोह बदलतो. हौद थोडा कोरडा राहिला तर त्याचाच फायदा.

ईएच्या फुटबॉल गेममधल्या ‘अल्टिमेट टीम’मध्ये अजून एक गोष्ट आहे, पॅक. बाजारात खेळाडू विकला की ५ टक्के कापतात, ते ठीकच. पण पॅक म्हणजे बंद पाकीट. पैसे आधी द्यायचे, आत कोण निघेल ते नशीब. शिवाय दरवर्षी नवा गेम येतो आणि जमवलेली टीम त्यात जात नाही, पुन्हा शून्यापासून. बेल्जियमच्या जुगार नियामकांनी २०१८ मध्ये अशा पाकिटांना जुगार ठरवलं, आणि २०१९ च्या सुरुवातीला ईएने तिथे त्यासाठीचे पॉइंट विकणं थांबवलं. शेजारच्या नेदरलँड्समध्ये मात्र असाच ठोठावलेला दंड २०२२ मध्ये वरच्या न्यायालयाने रद्द केला. कायदेवाल्यांतही एकमत नाही.

आपल्याकडे सूरह माइदाच्या ९० व्या आयतीत शराबबरोबरच मैसिर, म्हणजे जुगार, मना आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पाकिटाचा मसला त्यात बसतो का, हे आलिमांना विचारा. पण विचारताना नुसतं “गेम हलाल का हराम” असं विचारू नका, नीट उत्तर मिळणार नाही. खरा पैसा जातो का, त्याबदल्यात ठरलेली वस्तू मिळते की नशिबाची, एवढं मुलाकडून समजून घ्या आणि तेच सांगा.

त्या मुलाला आम्ही गेम बंद कर म्हटलं नाही. फोनवरचं पैसे भरणं अब्बूंनी बंद केलं, आणि आम्ही त्याला वही दिली. एका पानावर टीमची आठवड्याची कमाई, दुसऱ्यावर खर्च. तिसऱ्या आठवड्यात तो मधल्या सुट्टीत आला. म्हणाला, “सर, माझे चार खेळाडू नुसतेच बेंचवर बसून पगार खातायत. विकू?”

आम्ही म्हटलं, आधी कपात किती होईल ते काढून आण.